चीक

मेळघाटात आरोग्यसेविका म्हणून मला नऊ वर्षं झाली. बाळंतिणींना द्यायचं भाषण पाठ झालंय. त्याच भाषणातल्या एका शब्दावर मी अडकेन, असं वाटलं नव्हतं.

जुलै महिना. नाल्याला पूर, रुग्णवाहिका अलीकडच्या काठावर अडकलेली, त्यामुळे बाळंतपण घरीच दाईच्या हातून झालं. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर आशाताईला घेऊन मी त्या कोरकू आदिवासी घरी पोचले. झोळीच्या काट्यावर बाळ २ किलो ३०० ग्रॅम भरलं. तोंडात गूळपाण्याचा बोळा. आणि आईचं पहिलं दूध? ते पिळून मातीत सांडून टाकलेलं.

मी पाठ झालेल्या भाषणाची टेप सुरू केली. चिकाचं दूध म्हणजे बाळाची पहिली लस, एक थेंबही वाया घालवू नका, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको. कोरकूचं मराठीशी काही नातं नाही, ती मुंडा कुळातली भाषा. त्यामुळे आशाताई वाक्यावाक्याला कोरकूत सांगत होती, पण ‘चीक’ हा शब्द मात्र तिनं तसाच ठेवला.

आजीनं हात वर करून तिला थांबवलं. दोघींचं बराच वेळ काहीतरी चाललं. मग आशाताई माझ्याकडे वळली, जरा ओशाळून. “सिस्टर, ती विचारते, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो. पायातला काटा काढायला आम्ही तो लावतो. तसलं लेकराच्या पोटात घालायला सांगता?”

मला आधी हसू आलं. मग उपकेंद्राच्या भिंतीवरचं पोस्टर आठवलं. ‘चिकाचे दूध’, ठळक अक्षरात. बाजारहाटापुरती मराठी येणाऱ्या बाईला चीक म्हटल्यावर रुईच आठवणार की. नऊ वर्षांत किती घरांत मी हे बोलून आले होते!

ओसरीला शेळी बांधलेली होती, पिलू नुकतं उभं राहायला लागलेलं. मी भाषण सोडून विचारलं, “माय, हिचं पहिलं दूध काढता का तुम्ही?”

“ते कसं काढायचं? ते पिलाचं. नाही प्यालं तर उठत नाही ते.”

एवढं म्हणून आजी गप्प झाली. मीही पुढे काही बोलले नाही. (आमच्या गावाकडे गायीच्या चिकाचा खरवस आवडीनं खातात आणि स्वतःच्या बाळाला मध चाटवतात, हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार होते मी?)

सुनेला उठवून बसवलं ते आजीनंच. पाठीला गोधडीची गुंडाळी दिली. मी फक्त बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं आणि तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला सांगितलं. दोनदा नुसतं टोक धरलं, आई कळवळली, सोडवलं. तिसऱ्यांदा हनुवटी स्तनात रुतली, खालचा ओठ बाहेर वळला. आजी कान जवळ नेऊन ऐकत होती. ‘गट्’ असा बारीकसा आवाज आला तशी तिनं माझ्याकडे पाहून एक बोट वर केलं. मग दुसरं. दूध चमचाभरच असेल, पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात मावतंही तेवढंच.

उपकेंद्रात परतल्यावर त्या शब्दावर कागदाची पट्टी चिकटवली. आशाताईनं तिथे ‘पहिलं दूध’ असं कोरकूत लिहिलं, देवनागरीतच.

सातव्या दिवशी मी आशाताईबरोबर पुन्हा गेले. काटा २ किलो ३०० ग्रॅमवर थांबला. मधे उतरलेलं वजन परत आलं होतं. मी खूश. आजी मात्र झोळीकडे बघत काहीतरी पुटपुटली. आशाताईनं मराठीत सांगायला वेळ घेतला.

“ती म्हणते, माझ्या पाचही लेकरांचं मी सांडलं. तेव्हा शेळीचं कुणी का नाही विचारलं?”

मी काट्याची दोरी गुंडाळत राहिले. आजीनं नातवाला माझ्या हातातून घेतलं आणि सुनेच्या मांडीवर नेऊन ठेवलं.