मिरगाच्या आत मुळं धरली पाहिजेत

ऑनलाइन मागवलेल्या कंदांच्या पाकिटावर हमखास एक सूचना असते: शेवटचं हिम पडून गेलं की लावा. हे गोव्यातल्या प्रियोळात बसून वाचायचं. बाहेर पारा ३४ वर, शेजारच्या भाटातली काजूची बोंडं तापलेल्या चिऱ्यांवर पडून आंबलेली, आणि पाकीट हिमाच्या गोष्टी सांगतंय. थंड मुलखात ते बरोबरच आहे. तिथे जमीन गरम होईपर्यंत डेलिया आणि ग्लॅडिओलस घरातच ठेवावे लागतात, बाहेर काढले तर गारठून जातात. आमची जमीन बारा महिने गरम. इथे कंदाचा जीव जातो तो पाण्याने.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. मुळं न फुटलेला कंद त्यात सापडला की आधी नरम पडतो, मग वास मारतो, मग हाताला लागते ती नुसती साल. त्याच कंदाला मुळं असली तर तेच पाणी पिऊन तो पान टाकतो. म्हणून माझ्यापुरता नियम एकच. मिरगाच्या आत मुळं धरली पाहिजेत. मिरग म्हणजे मृग नक्षत्र, ते लागतं ७-८ जूनला. तिथून महिना-दीड महिना मागे मोजत आलं की अक्षय तृतीयेच्या आसपास येऊन पोचतो, आणि आपल्याकडे आळी करायला, वेल लावायला हाच मुहूर्त धरतात.

यंदा मात्र घरात यावरून रोज बोलणी चालली आहेत. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आलाय, त्यामुळे चतुर्थी थेट १४ सप्टेंबरला. आमच्या सासूबाई पंचांग बघून मोकळ्या झाल्या: “चवथ पयस आसा, कित्याक धांवता?” (चतुर्थी लांब आहे, धावता कशाला?) त्यांचं सणापुरतं खरं आहे. सण चंद्राबरोबर पुढे सरकतात. मिरग सूर्याच्या नक्षत्राचा, तो अधिकमासाला विचारत नाही. आणि प्रत्यक्ष पाऊस तर मिरगालाही विचारत नाही. गेल्या वर्षी केरळात मान्सून २४ मेलाच आला आणि महिना संपायच्या आत आमच्या अंगणात पागोळ्या गळायला लागल्या होत्या. तेव्हा पाऊस लवकर येणार असं धरून लावायचं आणि फुलं उशिरा हवीत म्हणून काही कंद मागे ठेवायचे, असा मधला मार्ग मी काढलाय. त्याबद्दल पुढे.

आधी जमीन. आमच्याकडची माती तांबडी, हातभर खणलं की खाली चिरा, म्हणजे जांभा दगड. लोक कंदासाठी मजेत खड्डा खणतात, शेणखत भरतात, कंद ठेवतात. चिऱ्यात खणलेला खड्डा म्हणजे पावसाळ्यात भरलेलं भांडं, पाण्याला बाहेर जायला वाटच नसते. म्हणून मी खणत नाही, वर चढवते. कंपाउंडच्या कडेने जुने चिरे लावून वीतभर उंच गादी वाफे केले आहेत. माती, कुजलेलं शेणखत आणि नदीची जाड रेती, तिन्ही साधारण सारखी. रेती मिळाली नाही तर चिऱ्याचा बारीक चुरा चालतो. शेणखत मात्र पुरतं कुजलेलं हवं. ओलं शेण कंदाला लागलं की बुरशी आलीच.

पण कंद सरळ वाफ्यात जात नाहीत. आंब्याच्या प्लास्टिकच्या पेट्या मिळतात, त्यांत खाली वर्तमानपत्र घालायचं आणि वर चार बोटं कोकोपीट. घरच्या नारळाच्या सोडणांचा भुसा वापरणार असाल तर तो दोन-तीन पाण्यांनी धुवा, त्यात मीठ असतं. मग भिजवून मुठीत पिळायचा. धार लागली तर पाणी जास्त झालं. एखाददुसरा थेंब आला की पुरे. त्यात कंद अर्धे रुतवून, डोळे वर करून, पडवीच्या सावलीत ठेवायचे. ऊन नको, रोज पाणी तर मुळीच नको. बोटाने चाचपून भुसा कोरडा लागला तरच शिंपडा. कंदाला अजून मुळं नाहीत, तो पाणी पिणार कुठून? वर हिरवा कोंब दिसला आणि पेटी जरा हलवल्यावर कंद जागचा हलेना, की समजायचं मुळं धरली. मग वाफ्यात.

कापलेले गड्डे असतील तर कापाला चुलीची राख लावून दोन दिवस सुपात सुकवते. कापावर कोरडी पापडी धरली की मगच भुशात.

आता निशिगंध, कारण खरा जीव माझा त्यातच आहे. हा मूळचा मेक्सिकोचा. इथे तो इतका मुरलाय की देवाच्या हारात त्याला कुणी परका म्हणत नाही. नर्सरीत जाऊन “निशिगंधाचे कांदे द्या” म्हटलं की पुंजकाच हातात ठेवतात. तो तसा लावायचा नाही, सुटा करायचा. मधला मोठा कांदा, ज्याला गेल्या वर्षीच्या दांड्याचा वाळका खुंट असतो, तो एकदाच फुलतो. त्याचं काम झालेलं असतं. फुलणार आहेत ती त्याच्या बाजूची पिल्लं. त्यांतली सव्वादोन ते तीन सेंटिमीटर जाडीची, टोकदार, दाबल्यावर टणक लागणारी निवडायची. त्याहून बारीक असतात ती नुसती पानं देतात. त्यांना वाफ्याच्या कडेला वेगळी ओळ द्यावी, पुढच्या वर्षी उपयोगी पडतील. काढलेले कांदे सावलीत महिनाभर कोरडे ठेवले तर नंतर एकदम जोमाने फुटतात. मी फेब्रुवारीच्या शेवटी काढते ते याचसाठी.

लावताना खोली साधारण पाच सेंटिमीटर, दोन कांद्यांत वीतभर अंतर. पहिलं पाणी भरपूर, नंतर कोंब दिसेपर्यंत हात आखडता. लावल्यापासून फूल यायला तीन महिने, कधी थोडे जास्त. हिशेब करा: आता एप्रिलात लावले तर आषाढातच दांडे येणार, चतुर्थीला वाफा रिकामा. म्हणून यंदा निम्मे कांदे मी कोरडेच ठेवलेत. ते मेच्या तिसऱ्या आठवड्यात पेटीत जातील आणि पावसातसुद्धा पेटीतून कुंडीतच जातील, वळचणीखाली. पावसाळ्यात लावू नये हा माझाच नियम मी छपराच्या आधाराने मोडणार आहे. सासूबाईंना हे पटलेलं नाही, पण चतुर्थीला हार त्याच ओवणार आहेत.

एकेरी की दुहेरी? वासासाठी एकेरी, बिनशर्त. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेच्या जातींत ‘शृंगार’ आणि ‘प्रज्वल’ एकेरी, ‘सुवासिनी’ दुहेरी आणि ‘वैभव’ अर्धदुहेरी. दुहेरी फुलदाणीत छान दिसतात. पण आमच्या पावसात त्या दाट पाकळ्यांत पाणी साचतं, कळ्या तपकिरी पडतात आणि उमलायच्या आधीच कुजतात. दुहेरी हौस असेल तर कुंडी छपराखाली.

फुटबॉल लिलीवर, जिला आमच्याकडे सगळे मे फ्लॉवर म्हणतात, मला फारसं लिहायचं नाही कारण तिला फारसं काही लागतच नाही. आफ्रिकेची आहे. डिसेंबर ते एप्रिल पाणी बंद, कुंडी कोपऱ्यात. वळवाची एक सर आली की पान नसताना दांडा वर येतो आणि त्यावर तांबड्या केसरांचा गोळा. एका गोळ्यात दोनशेपर्यंत बारीक फुलं असू शकतात. तिची कुंडी सारखी बदलू नका, अडचणीत वाढलेलीच बरी फुलते. फक्त एक सांभाळा. मे महिन्यात घरोघर कांद्याच्या माळा टांगलेल्या असतात, पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा, पसारा असतो. त्याच्या शेजारी लिलीचे कांदे वाळत ठेवू नका. ते विषारी असतात, आणि घाईत सगळे कांदे सारखेच दिसतात. माझे कंद न्हाणीमागच्या फळीवर, चिठ्ठी लावून.

कळलावीचं तर सगळंच विषारी. कंदात कोल्चिसीन असतं, थोडं पोटात गेलं तरी जिवावर बेततं. तरी मी लावते, कारण श्रावणात कुंपणावर चढलेली ती पिवळी-तांबडी फुलं बघून समोरून जाणारा स्कूटर थांबवतो. कंद नांगरासारखा दोन फाट्यांचा. डोळा फक्त फाट्याच्या टोकाला, तो मोडला की तो फाटा फुकट गेला. म्हणून काढताना कुदळ नको, हाताने माती सारायची, हातमोजे घालून. आडवा ठेवून वर दोन-तीन इंच माती. पानाच्या टोकालाच तणावा असतो, त्यामुळे चढायला जाड बांबू नको, बारीक काटक्या द्या.

सोनटक्का या सगळ्यांत वेगळा, त्याला ओल चालते. चालते काय, हवीच असते. कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागेत, पाटाच्या कडेला तो आपोआप माजतो. आमच्याकडे पाट नाही, म्हणून न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे लावलाय. दोन डोळ्यांचा तुकडा, आडवा, वर जेमतेम माती. जुलैपासून संध्याकाळी अंगणात पाऊल टाकलं की वास. क्यूबाने याला राष्ट्रीय फूल केलंय, मूळ मात्र हिमालयाकडचं. त्याच्याच शेजारी हळद. हळदीला फूल येतं आणि ते सुंदरही असतं, पण आमच्या घरात ते कुणी बघत नाही, सगळ्यांचं लक्ष पानांवर. नागपंचमीच्या पातोळ्यांना पान रुंद, कोवळं आणि न फाटलेलं लागतं. यंदा नागपंचमी १७ ऑगस्टला आहे, तेव्हा मेच्या मध्याला गड्डे लावले तरी पानं वेळेत होतील. अधिकमासाचा फायदा झाला तो हळदीला.

डेलिया, ग्लॅडिओलस? आता नाहीच. एप्रिलात नर्सऱ्यांतून ते कंद विकायला येतात, पाकिटावरचा फोटो बघून माणूस भुलतो. आमच्या जुलैत डेलियाचा कंद तगत नाही. ते दसऱ्यानंतर, हवा सुटल्यावर. घेतानाही बघून घ्या. डेलियाचा गड्डा कितीही जाडजूड असला तरी मानेशी डोळा नसेल तर तो कधीच फुटत नाही. ओरिएंटल लिलीचे कांदे शीतगृहातून आलेले असतात, एकदा फुलतात आणि आमच्या उकाड्यात परत तोंड दाखवत नाहीत. महाग गुच्छ घेतला असं समजून घ्यायचे तर घ्या.

शत्रूंपैकी मोर कोवळे कोंब टोचतो, त्याला झाकायला जाळी. कुळागरवाल्यांना साळिंदराचा त्रास, ते सुरण आणि कणगी उकरून खातं. आमच्याकडे अजून पोचलेलं नाही. मोठ्या आफ्रिकन गोगलगायी पहिल्या पावसानंतर रात्री निघतात, टॉर्च आणि मिठाच्या पाण्याची बादली एवढाच उपाय मला जमतो. खरी वैरीण वेगळी. लिलीच्या पानावर एके सकाळी सुरवंट दिसतात: काळं अंग, त्यावर पांढरे ठिपके, मध्ये नारिंगी-तांबड्या खुणा, अगदी नटूनथटून आलेले. एकटे येत नाहीत, घोळक्याने असतात. पानाच्या शेंड्यापासून सुरुवात करतात आणि मागे हिरव्या-काळ्या लेंड्या सोडत खाली उतरतात. दोन दिवस माहेरी जाऊन आलात तर कुंडीत नुसते खुंट. हा लिलीचा पतंग, कळलावीवरही तोच. फवारणीच्या फंदात मी पडत नाही. सकाळी लवकर ते सुस्त असतात, तेव्हा चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात. पाठीमागची पिढी कोष करून मातीत दडलेली असते, म्हणून आत्ता, उन्हाळ्यात, लिलीच्या कुंड्यांची वरची माती उकरून उन्हं खाऊ देते.

या आठवड्यात पेट्या भरून झाल्या. सोनटक्क्याचे तुकडे भरपूर निघालेत, हळदीचेही. फोंड्याच्या आसपासच्या ओळखीच्यांनी वैशाख संपायच्या आत येऊन न्यावेत, पिशवी घरूनच आणावी. निशिगंधाची पिल्लं मागू नका, ती देणार नाही. आणि कळलावी हवी असेल तर घरात रांगतं मूल किंवा गुरं नाहीत याची खात्री पटल्यावरच.