तो डिंक्या नव्हता

माझी संत्रा कलमांची नर्सरी आहे. रंगपूर लाईमच्या खुंटावरची (खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं रोप) माझी संत्र्याची झाडं चौथ्या वर्षापासून खुरटायला लागली. जोडाखाली खुंटाची साल उभी तडकायची, पापुद्रे निघायचे. डिंक्या (बुरशीमुळे खोडातून डिंक गळण्याचा रोग) समजून दोन वर्षं बोर्डो पेस्ट लावली, काही फरक पडला नाही. आणि ज्या मातृवृक्षांचे डोळे (कळ्या) या कलमांसाठी घेतले, त्यांचेच डोळे जंबेरी या दुसऱ्या खुंटावर भरलेली झाडं मात्र टवटवीत! शेवटी माझ्या पाचही मातृवृक्षांची पानं घेऊन नागपूरची प्रयोगशाळा गाठली.

खुंटाच्या सालीचे फोटो पाहताच तिथल्या मॅडम म्हणाल्या, "हा एक्झोकॉर्टिस असावा." हा विषाणूसुद्धा नव्हे, व्हायरॉइड. आरएनएचं उघडं कडं, साधारण 371 न्यूक्लिओटाइडांचं, वर प्रथिनाचं आवरण नाही. म्हणून ट्रिस्टेझा या संत्र्यावरच्या विषाणूसाठी करतात ती एलायझा चाचणी इथे चालत नाही. ती आवरणातलं प्रथिनच शोधते. पूर्वी एट्रॉग सिट्रॉन या लिंबूवर्गीय झाडाच्या रोपावर डोळा भरून त्याची पानं मुरडतात का, हे काही महिने पाहत बसावं लागे. आता आरटी-पीसीआर, म्हणजे आरएनएचा ठरावीक तुकडा असेल तर त्याच्या असंख्य प्रती करून तो शोधायचा; कोरोनात आपण सगळ्यांनी करून घेतली तीच पद्धत.

माझा पहिला नमुना वाया गेला. जून पानं, त्यात गाडीत तापलेली. आरएनए काढताना सगळं तपकिरी झालं. दुसऱ्यांदा सांगितल्याप्रमाणे झाडाच्या चारही बाजूंची नवतीची (नव्या फुटीची) पानं घेतली, तीही मे संपताना, कारण उष्णतेत व्हायरॉइड वाढतो. प्रत्येक झाडाची पिशवी वेगळी, बर्फाचा डबा, आणि दर झाडानंतर सिकेटर धुतलेलं.

या वेळी मला थांबू दिलं. खलात द्रव नायट्रोजन ओतला, पांढरी वाफ उठली आणि पान काचेसारखं चुरचुरलं. शेवटी पीसीआरचे नमुने जेलच्या पातळ थरावर रकान्यांत चालवले; व्हायरॉइड असेल तर रकान्यात पट्टा दिसतो. जेलवर अतिनील प्रकाश टाकला तेव्हा श्वास रोखून पाहत होतो. निरोगी झाडाचा रकाना कोरा. पाण्याचा कोरा. खात्रीच्या रोगट नमुन्यात एक लख्ख पट्टा, आणि अगदी त्याच रेषेत माझ्या 2 आणि 4 नंबरच्या झाडांचे पट्टे. पुन्हा नव्याने आरएनए काढून पाहिला. तेच.

2 नंबरचं झाड बाबांनी लावलेलं. जंबेरीवर असल्यामुळे दिसायला बागेत सगळ्यात देखणं, म्हणून सर्वांत जास्त डोळकाड्या (कलमासाठी डोळे असलेल्या फांद्या) मी त्याच्याच काढल्या. बागेतल्या झाडाला यावर औषध नाही. शिवाय हा रोग चाकूवरूनही पसरतो. मी पात स्पिरिटने पुसायचो, ते पुरत नाही. एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट लागतं. आता बादली शेजारी असल्याशिवाय नर्सरीत कुणी चाकू उचलत नाही. पात गंजतं, म्हणून नंतर पाण्याने धुऊन तेलाचा हात फिरवतो.

दोन्ही झाडं मुळासकट काढली. मग विक्रीची वही घेऊन बसलो आणि या झाडांची रंगपूरवरची कलमं ज्यांनी नेली, त्यांना एकेक करून फोन लावायला सुरुवात केली.