झाडांच्या यादीतला ळ

रविवार, रात्री

आज यादीतला ळ एकदाचा जागेवर बसला. मन इतकं भरून आलंय की लिहून ठेवल्याशिवाय झोप येणार नाही.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली तेव्हाच ठरवलं होतं की काम एकच धरायचं: आमच्या टेकडीवरच्या झाडाझुडपांची यादी. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं, म्हणजे माहिती ठेवायच्या डब्याचं, नावही देवनागरीत चालतं, म्हणून यादीचं नाव 'झाडे'. लूप, फंक्शन, फाइल वाचणं हे सगळं या यादीला गरज पडेल तसं शिकत गेले. स्वतःहून शिकणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात आपल्या खऱ्या गरजेचं छोटं काम शोधावं, असं मला मनापासून वाटतं. व्हिडिओ बघताना सगळं समजतं, पण कोरी फाइल उघडली की हात थांबतो. तो थांबलेला हात पुढे सरकतो तेव्हाच शिकणं होतं.

कोड चालवण्याआधी उत्तर कागदावर लिहायचं, ही माझी सर्वांत लाडकी सवय. 'आंबा' या शब्दाची लांबी किती? डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात. पायथन सांगतो ४: आ, अनुस्वार, ब आणि काना. आधी अंदाज लिहिलेला असला की असं उत्तर नुसतं वाचून पुढे जाता येत नाही, त्याचं कारण शोधावंच लागतं. त्या एका शब्दामुळे युनिकोड, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला आणि खुणेला ठरवून दिलेला क्रमांक, काय असतो ते मला कळलं.

आता ळ. यादी क्रमाने लावली तर कळंब आधी आणि कवठ नंतर. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, म्हणजे कवठ आधी हवं. दोनच शब्दांची यादी करून पाहिली, तरी तेच. मोठ्या यादीत डोकं खुपसण्यापेक्षा अडचण अशी दोन शब्दांवर आणावी, अर्धं काम तिथेच होतं. मग एकेका अक्षराचा क्रमांक छापला: ल २३५४, ळ २३५५, व २३५७, ह २३६१. पायथन या क्रमांकांवरून लावतो, त्याला आपली वर्णमाला ठाऊक नाही.

उपाय सापडला तो याच आकड्यांत. अवग्रहाचा (ऽ) क्रमांक २३६५ आणि कान्याचा २३६६. म्हणजे अवग्रह ह च्या नंतर पण सगळ्या काना-मात्रांच्या आधी येतो, आणि माझ्या यादीत तो कुठल्याच नावात नाही. मग क्रम लावण्यापुरता प्रत्येक ळ च्या जागी ऽ धरायला सांगितलं. एका ओळीचं काम! कवठ, मग कळंब. वावळ, मग वाळा. मूळ नावांना धक्काही लागला नाही. हे उत्तर एआयला विचारलं असतं तर क्षणात मिळालं असतं. पण ळ आणि व यांच्यातलं अंतर मी स्वतः मोजलंय, ते आता माझं आहे. विचारायचंच झालं तर पुढची एक पायरी विचारावी, पूर्ण कोड मागू नये.

एरर आली की आधी शेवटची ओळ वाचायची, मग तिच्या वर लिहिलेला ओळ क्रमांक बघायचा. एवढं केलं तरी बहुतेक वेळा वाट सापडते.

उद्या सकाळी ही फाइल बंद ठेवून तोच प्रोग्रॅम कोऱ्या पानावर आठवून लिहिणार आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग वाचल्यापासून यावर माझा पक्का विश्वास बसलाय. त्यात विद्यार्थ्यांना उतारे दिले होते. पाच मिनिटांनी विचारल्यावर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. कोडचंही तसंच होतं, हा माझा अनुभव.

त्यानंतर क्ष आणि ज्ञ. वर्णमालेत ते ळ च्याही पुढे, पण संगणकात क्ष म्हणजे क, पाय मोडल्याची खूण आणि ष असे तीन तुकडे. त्यामुळे क्ष ने सुरू होणारं नाव क च्याच नावांत जाऊन बसणार. आधी चार शब्द घेऊन त्यांचा योग्य क्रम वहीत लिहून ठेवते, कोड नंतर.