चौथाई, दामदुप्पट आणि रोमचे मक्तेदार

कोल्हापुरात टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आहे. वीतभरही उंच नाही. त्रिशूळ धरायला एक हात वर उचललेला, त्रिशूळ मात्र गेलेला. १९४०च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत ती सापडली. तिला सगळे रोमन म्हणतात. काळ रोमन आहेच, पण देव ग्रीक आहे. त्या काळी पश्चिमेचा माल आपल्या किनाऱ्याला लागायचा तो मुख्यतः इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून. तिथे इ.स.पू. ३० पासून सत्ता रोमची होती, दफ्तराची भाषा मात्र ग्रीकच राहिली.

हे दफ्तर समजून घेतल्याशिवाय रोमचा पूर्वेकडचा कारभार कळत नाही. अलेक्झांडरनंतर त्याच्या सरदारांनी जी राज्ये उभी केली, त्यांची वसुलीची व्यवस्था रोमच्या कितीतरी आधीपासून पक्की बसलेली होती. रोमने बहुतेक ठिकाणी नवे काही बांधले नाही, चालू वह्या ताब्यात घेतल्या. जिथे वह्या जशाच्या तशा चालवल्या तिथे वसूल नीट येत राहिला. जिथे मोडल्या तिथे काही वर्षांत मुलूख बुडाला.

सिसिली हे पहिले आणि माझ्या मते सगळ्यांत शिकण्यासारखे उदाहरण. सिराक्यूजचा राजा दुसरा हिएरोन याने धान्याच्या दशांशासाठी एक कायदा केला होता. रोमने तो त्याच्याच नावाने पुढे चालवला. दर वर्षी कसणाऱ्यांची नोंद व्हायची. एकेका गावाच्या दशांशाचा लिलाव बेटावरच, सिराक्यूजमध्ये व्हायचा. त्यामुळे स्थानिक माणूस, प्रसंगी ते गावसुद्धा, बोली लावू शकायचे. मग लिलाव जिंकून वसुलीचा हक्क घेणारा मक्तेदार आणि शेतकरी यांच्यात लेखी करार व्हायचा. त्या करारापेक्षा दाणाही जास्त मागायची सोय नव्हती आणि दाणाही लपवायची सोय नव्हती. सगळे कुलूप त्या एका कागदात होते.

इ.स.पू. ७३ ते ७१ या काळात सुभेदार असलेल्या व्हेरेसने हेच कुलूप काढले. मक्तेदार सांगेल तेवढे धान्य शेतकऱ्याने आधी द्यायचे, तक्रार नंतर करायची. जास्त घेतलेले सिद्ध झाले तर मक्तेदाराला आठपट दंड होता. वाचायला फार कडक, पण निवाडा करणारे पंच व्हेरेसच्याच गोतावळ्यातले. मग दंड व्हायचा कुणाला? रोमन वकील सिसेरोने व्हेरेसवरच्या खटल्यात मांडलेल्या आकड्यांनुसार सिसिलीतल्या अजिरियमच्या शिवारात पहिल्या वर्षी २५० कसणारे होते, तिसऱ्या वर्षी ८० उरले. सिसेरो फिर्यादी पक्षाचा होता हे ध्यानात ठेवले तरी दिशा स्पष्ट दिसते. दर दशांशाचाच होता. पुराव्याचा बोजा शेतकऱ्यावर गेला आणि शिवार ओस पडले.

मॅसिडोनियात चूक वेगळी झाली. इ.स.पू. १६७ मध्ये राजसत्ता मोडून रोमने देशाचे ४ तुकडे केले. कर पूर्वीच्या निम्मा केला, सोन्याचांदीच्या खाणी बंद केल्या. एका तुकड्यातल्या माणसाला दुसऱ्यात लग्न करायला बंदी, जमीन घ्यायलाही बंदी. कर निम्मा होऊनही लोक खूश झाले नाहीत. १४९ मध्ये आंद्रिस्कस नावाचा तोतया राजपुत्र उभा राहिला तर लोक त्याच्या मागे गेले. तोतयाच्या मागे माणसे का जातात, हे पानिपतानंतरच्या भाऊसाहेबांच्या तोतयाची हकीकत ठाऊक असलेल्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. त्यानंतर मॅसिडोनियाचा रीतसर प्रांत झाला.

खरी धूळधाण पर्गामम राज्याची झाली, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानची. तिथला राजा तिसरा अटालस इ.स.पू. १३३ मध्ये वारला आणि मृत्युपत्राने राज्य रोमला देऊन गेला. गादीवर हक्क सांगणाऱ्या अरिस्टोनिकसचे बंड मोडायला १२९ उजाडले. नंतर १२३ मध्ये गायस ग्राकसच्या कायद्याने या 'आशिया' प्रांताच्या दशांशाचा लिलाव खुद्द रोममध्ये होऊ लागला. मक्ता ५ वर्षांचा आणि अख्ख्या प्रांताचा एकदम. एवढी रक्कम एकट्याच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून भागीदारीच्या मंडळ्या निघाल्या. मंडळीचा मुख्य रोममध्ये, त्याचा मुखत्यार प्रांतात. तारण म्हणून जमिनी आणि जामीनदार द्यावे लागत. सिसिलीचा लिलाव जागेवर होता, हा समुद्रापलीकडे. गावातल्या माणसाला बोली लावणे अशक्यच झाले.

या पद्धतीचे दुखणे बोलीतच होते. चढाओढीत बोली फुगली की फरक रयतेकडूनच काढायचा. इ.स.पू. ६१ मध्ये तर मक्तेदारांनीच 'आमची बोली जास्त लागली, सूट द्या' म्हणून सिनेटकडे, म्हणजे रोमच्या उमरावांच्या सभेकडे, धाव घेतली. सिनेटर केटोने ते अडवून धरले आणि शेवटी ५९ मध्ये सीझरने एक तृतीयांश रक्कम माफ केली. दुष्काळात शेतकऱ्याला मात्र अशी तहकुबी मागायला जागा नव्हती.

सुभेदाराने आवर घालावा, तर खंडणीखोर अधिकाऱ्यांचे खटले चालवणाऱ्या न्यायमंडळात ग्राकसच्या कायद्यानंतर बसत होते ते मक्तेदारांच्याच वर्गातले लोक. पब्लियस रुटिलियस रुफस या रोमन अधिकाऱ्याने आशियात मक्तेदारांना चाप लावला. इ.स.पू. ९२ मध्ये त्याच्यावरच खंडणीचा आरोप ठेवून त्याला दोषी ठरवले. हद्दपार झाल्यावर तो राहायला गेला त्याच आशिया प्रांतात, स्मर्ना शहरात, आणि तिथल्या लोकांनी त्याला मानाने ठेवून घेतले. त्या निकालाची किंमत किती होती ते यावरून समजते.

मग रोमन सेनानी सुलाने आशियावर २०,००० टॅलेंटचा दंड बसवला. टॅलेंट हे चांदीच्या पैशाचे मोठे माप. शहरांनी तो रोमन सावकारांकडून कर्ज काढून भरला. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की दुप्पट रक्कम फेडूनही कर्ज १,२०,००० टॅलेंटवर गेले. हे व्याजावर व्याज. इ.स.पू. ७१-७० मध्ये आशियाचा कारभार पाहणारा रोमन सेनानी लुकुलस याने चार गोष्टी केल्या: व्याज दरमहा शेकडा १, त्याहून जास्त नाही, मुदलापेक्षा जास्त साचलेले व्याज रद्द, सावकाराला ऋणकोच्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे हात घालता येणार नाही, आणि व्याज मुदलात मिसळले असेल तर सगळेच बुडीत. दुसरी अट वाचताना थबकायला होते, कारण ती आपला दामदुप्पटच आहे, म्हणजे व्याज मुदलापलीकडे जाऊ न देणारा जुना नियम. ४ वर्षांच्या आत कर्जे फिटली, जमिनी मूळ मालकांकडे परत आल्या. रोममधले सावकार लुकुलसवर असे उखडले की त्याच्या हातून सुभे काढून घेण्यात त्यांचाही हात होता.

इजिप्तचा प्रकार निराळा. पहिला सम्राट ऑगस्टस याने हा देश सिनेटच्या हाती दिलाच नाही. सुभेदार सिनेटबाहेरच्या वर्गातला. सिनेटरला परवानगीशिवाय पाय ठेवायला मनाई. खाली रोमच्या आधीच्या टॉलेमी घराण्यातल्या ग्रीक राजांची परगणे आणि गावांची उतरंड तशीच. परगण्यावरचा 'स्ट्रॅटेगोस' पूर्वी सेनानी होता, आता मामलेदार झाला. गावलेखक म्हणजे आपला कुलकर्णी. त्या दोघांच्या मध्ये 'राजलेखक' नावाचा अधिकारी होता. राजा उरला नव्हता, तरी 'राजलेखक' पुढे दोनशेहून अधिक वर्षे सह्या करत राहिला. सरकारी जमिनीलाही 'राजाची जमीन'च म्हणत.

इजिप्तच्या दारात भारताचा माल यायचा त्यावर कर होता 'टेटार्टे', शब्दशः चौथाई, २५ टक्के. व्हिएन्नात ठेवलेल्या दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसमध्ये, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या दस्तात, केरळच्या मुझिरिस बंदराच्या व्यापाराचा कर्जकरार आणि 'हर्मापोलोन' जहाजाच्या मालाचा हिशेब आहे: गंगेकडची जटामांसी ६० पेट्या, हस्तिदंत, वगैरे. माल उतरला की उंटांवरून वाळवंट ओलांडून कॉप्टोसला, तिथून नाईलमधून अलेक्झांड्रियाला, आणि तिथे सरकारी जकात गोदामात मोहरबंद. चौथाई चुकती होईपर्यंत मालकाला मोहर फोडता येत नसे. या एका जहाजाच्या मालाची किंमत हजाराहून जास्त टॅलेंट होती, म्हणजे त्या चौथाईतून रोमला काय मिळत असेल याचा अंदाज येतो. कॉप्टोसच्या इ.स. ९० च्या दरपत्रकात उंटाच्या परवान्यालाही फी आहे आणि परवान्यावरच्या मोहरेला वेगळी.

पण दफ्तर नीट होते म्हणजे रयत सुखी होती असे नाही, आणि हे मला ठामपणे सांगायचे आहे. रोमने इथे दर १४ वर्षांनी घरवार नोंदणी लावली. त्यासाठी आपला जुना 'खानेसुमारी' शब्द तंतोतंत बसतो. त्या नोंदीवर १४ वर्षांवरच्या पुरुषांना डोईपट्टी. अर्सिनोइट परगण्यात खेडुताला वर्षाला सुमारे ४० ड्राक्मा नाणी, परगण्याच्या शहरात नोंद असलेल्याला २०, रोमन नागरिकाला माफ. पुढे वसुलीचे कामही सक्तीचे आणि बिनपगारी झाले. वतनाशिवाय वतनदारी म्हणा, कारण तूट आली तर वसुली करणाऱ्याच्या घरातून भरून घ्यायची. माणूस गाव सोडून गेला तर त्याची पट्टी मागे राहिलेल्यांत वाटली जाई, आणि पट्टी वाढली की आणखी काहीजण जात. सम्राट नीरोच्या काळातल्या, इजिप्तमधल्याच फिलाडेल्फिया गावच्या याद्या सापडल्या आहेत. त्यांत पट्टी थकलेल्या माणसांची नावे, बापाचे नाव, आणि पुढे शेरा: परागंदा.