आमची वाटचाल : ‘ससा फोल्डिंग’

आम्ही पाळीव सशांसाठी घडीचं लोखंडी कुंपण बनवतो. ऑर्डर बुकात त्याचं नाव ‘ससा फोल्डिंग’ असंच लिहिलेलं असतं. मुलीने दोन-तीन झकास नावं सुचवली होती, पण गाळ्यात कुणाच्या तोंडी बसली नाहीत.

मूळ धंदा ग्रिलचा. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, तेव्हा बाबांनी वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला. मुंबईत साकीनाक्याला भाड्याचा गाळा घेतला. खिडक्यांचे बॉक्स ग्रिल, सेफ्टी डोअर, दुकानांची चॅनल गेटं ही कामं सुरू झाली. मी दहावीनंतर त्यांच्या हाताखाली आलो आणि पुढची बरीच वर्षं तेच करत राहिलो. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही.

२०२० च्या लॉकडाउननंतर गाळा उघडला, पण सोसायट्या बाहेरच्या माणसाला आत सोडेनात. ग्रिलचं माप घ्यायचं तर घरात जावंच लागतं. पिंजऱ्याचं तसं नाही, गाळ्यात बनवला आणि गेटवर नेऊन दिला की झालं. घरात अडकलेल्या पोरांसाठी लोक तेव्हा काय काय पाळत होते. आधी पक्ष्यांचे पिंजरे मागायला आले, मग सशांचे.

मी सशाचा पिंजरा केला तो कोंबड्यांच्या खुराड्याची नक्कल करून. दोन मजले, तळाला वेल्डमेश म्हणजे तारा वेल्ड केलेली चौकोनी जाळी, जाळीखाली सरकता ट्रे. लेंड्या खाली पडणार, ससा वर स्वच्छ. आकार दोन बाय दीड फूट. गिऱ्हाईक खूश होतं, मीही खूश होतो.

चार-पाच महिन्यांनी मुलुंडच्या एक ताई टोपली घेऊन गाळ्यावर आल्या. मला वाटलं, बिजागरी तुटली असेल.

“पिंजऱ्याला काही नाही झालं, दादा. याचे पाय बघा.”

त्यांनी सशाला मांडीवर टॉवेलमध्ये घेतलं आणि मागचा एक पाय हलकेच उचलला. टाचेखालची लव पार गेली होती. तिथे लालभडक, सोललेली जागा होती आणि कडेला खपली धरत होती. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की कुत्र्या-मांजराच्या तळव्याला गादी असते, सशाला ती नसते, नुसती दाट लव असते. तारेवर बसून बसून ती झिजते आणि मग जखम होते. ताई एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. त्यांनी भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या गेल्यावर आमचा हेल्पर म्हणाला, “शेठ, चप्पल काढून जाळीवर उभे राहून बघा.” राहिलो. दोन मिनिटंही झाली नसतील, खाली उतरलो.

बिल बुकातून नंबर काढून सगळ्यांना फोन केले आणि जाळीवर टाकायला प्लायच्या फळ्या फुकट पाठवल्या. ती दुसरी चूक. पावसाळ्यात प्लाय मूत पिऊन फुगला आणि वासाने लोक हैराण झाले. शिवाय ज्या जस्ताच्या मुलाम्याच्या तारेला आम्ही ‘गंजत नाही’ म्हणून मिरवत होतो, ती सशाने रोज कुरतडली तर जस्त पोटात जाऊन विषबाधा होऊ शकते, हे तेव्हा कळलं. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, तो कुरतडणारच. त्यात त्याची चूक काय?

मग वाचायला बसलो. इंग्लंडमधली सशांसाठी काम करणारी एक संस्था दोन सशांना किमान ३ मीटर बाय २ मीटर जागा आणि १ मीटर उंची सांगते. म्हणजे जवळपास ६५ चौरस फूट. मी मोठ्याने हसलो. वरळीच्या बीडीडी चाळीत आमची खोली १६० चौरस फुटांची आणि माणसं सहा!

रात्री मात्र तीच खोली डोक्यात फिरत राहिली. आम्ही सहा जण त्या खोलीत राहायचो हे खरं तर अर्धसत्य आहे. आम्ही गॅलरीत राहायचो. अभ्यास, क्रिकेट, भांडणं, मे महिन्यातली झोप, सगळं गॅलरीत. खोली भांडी ठेवायला आणि पावसात आत यायला. मी सशाला खोली विकत होतो आणि गॅलरी देतच नव्हतो. पाळीव ससा हा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडच्या रानसशाच्या वंशातला. तो बीळ करतो, बिळात दडतो, पण चरायला, धावायला बाहेर येतो.

तेव्हापासून पिंजरा बंद, घडीचं कुंपण सुरू. अडीच फूट रुंद, तीन फूट उंच असे आठ पॅनल, उभ्या सळ्यांमध्ये इंचाच्या आतलं अंतर, साध्या लोखंडावर शिसंविरहित पावडर कोटिंग. तळ नाहीच. पहिला नमुना दोन फूट उंच होता. तो ज्यांना दिला त्यांचा ससा दहाव्या दिवशी उडी मारून फ्रिजमागे वायर खाताना सापडला, म्हणून तीन फूट. चौकोनात लावलं तर ५ बाय ५ मिळतं. पण भिंत ही चौथी बाजू धरली, समोर चार आणि बाजूंना दोन-दोन पॅनल लावले, तर त्याच मालात १० बाय ५ निघतं. हे गिऱ्हाइकाला गाळ्याच्या फरशीवर खडूने काढून दाखवतो. भिंतीचा कोपरा ससा खरवडतो, तिथे एक पत्रा लावावा लागतो.

ऑर्डर घेण्याआधी एक काम सांगतो. जिथे कुंपण लावायचंय तेवढ्या जागेवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवा आणि दोन दिवस त्यांच्यावर पाय न देता राहून बघा. बरेच जण परत फोन करत नाहीत. धंद्याचं नुकसान आहे, पण ससा आठ-दहा वर्षं जगतो आणि विकणारा सांगतो तसा ‘एवढासाच’ राहत नाही. आडवा पसरला, तीन उड्या सलग मारल्या, मागच्या पायांवर उभा राहिला, तरी कान कशाला टेकता कामा नयेत, एवढी जागा लागते.

घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय घसरतात, म्हणून खाली सुती सतरंजी. एका कोपऱ्यात पसरट ट्रे, त्यात कागदाचे तुकडे आणि एका बाजूला खायचं सुकं गवत. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, त्यामुळे ट्रेची सवय लवकर लागते. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पण त्यावर पोट भरू नका. ट्रेवर पांढरा थर साचतो तो मुतातल्या चुन्याचा, व्हिनेगरने निघतो. लपायला घरकुल आमच्याकडे मागतात, आम्ही विकत नाही. वाण्याकडचं पुठ्ठ्याचं खोकं आणा, दोन बाजूंना दारं कापा. एकच दार ठेवलं तर ससा आत कोंडल्यासारखा होतो. अर्ध्या दिवसात त्याने काही खाल्लं नाही तर आम्हाला फोन करू नका, डॉक्टरकडे पळा.

एक ऑर्डर आम्ही घेत नाही, बॉक्स ग्रिलमध्ये ससा ठेवायची. जन्मभर बॉक्स ग्रिल बनवलेला माणूस हे सांगतोय. झाडाच्या कुंड्या आणि वाळत घातलेली फडकी यांच्या मधल्या त्या लोखंडी पेटीत पश्चिमेचं ऊन, पावसाची झड आणि कावळे एकाच जागी येतात. सशाला घाम येत नाही, उष्णता तो मुख्यतः कानांतून टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याला जड जातं आणि आपल्याकडे तर वर्षातले बरेच महिने तिशी ओलांडलेली असते. आतल्या खोलीत, पंख्याचा थेट झोत नसलेल्या कोपऱ्यात, फरशीवर, हीच त्याची जागा.

सध्या डोकेदुखी आहे ती आवाजाची. ससा पहाटे जागा असतो, कुंपणाच्या दाराची सळी दातात धरून खडखड वाजवतो आणि खालच्या मजल्यावरचे सोसायटीत तक्रार करतात. दाराच्या पिनेखाली रबरी वायसर घातले, ते त्याने खायला घेतले. आता वायसर बाहेरच्या बाजूला घेतलाय. नवीन वस्तू आधी मुलुंडच्या ताईंकडेच जाते. त्यांच्या त्या सशाचे पाय भरून यायला बरेच महिने लागले, पण लव परत आली.

परवा त्यांचा फोन आला. खडखड थांबली म्हणाल्या, पण आता तो सतरंजीचं टोक उसवतोय. काठ आत दुमडून त्यावर ट्रे ठेवा, म्हटलं, दोरे पोटात गेले तर परत डॉक्टर. आणि रविवारी येऊन बघतो.