फोर्ट लाउडन, १:१५० : आता तटाबाहेरचं गाव

मंडळी, फोर्ट लाउडनच्या १:१५० प्रमाणातल्या मॉडेलचं काम बरंच पुढे सरकलंय. नवीन सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. आजच्या टेनेसी राज्यात, लिटल टेनेसी आणि टेलिको नद्यांच्या संगमाजवळ, साउथ कॅरोलायना या ब्रिटिश वसाहतीनं १७५६-५७ मध्ये बांधलेला हा लाकूड-मातीचा किल्ला. चार कोपऱ्यांना चार बुरुज. आराखडा डी ब्राम या जर्मन अभियंत्याचा.

तट आणि बुरुज उभे झाले. फोमचा उतार, त्यावर फेव्हिकॉलच्या पाण्यात बसवलेली चाळलेली माती, आणि टोक काढलेल्या बांबूच्या काड्या. ही पद्धत सगळ्यांच्या हातातली आहे.

खंदकात मात्र मी रमलो. डी ब्रामनं तिथे हनी लोकस्टची झाडं लावून घेतली होती. या झाडाला थेट खोडावर काट्यांचे घोस फुटतात आणि एकेक काटा बोटाएवढा असतो. काथ्या बारीक कातरून, विस्कटून, गडद तपकिरी रंगात बुडवला आणि चिमट्यानं दाट खोचत गेलो. रंग वाळल्यावर थोडी राखाडी पावडर फिरवली. तिरप्या उजेडात ते कुंपण खरंच बोचेल असं दिसतं.

तोफा बारा. त्या डोंगर ओलांडून आल्या त्या घोड्यांच्या पाठीवर आडव्या बांधून. वाटेत तोफ झाडांत अडकायची, ओझं फिरायचं आणि त्यात घोडे जायबंदी व्हायचे. म्हणून वाटेच्या कडेला ओझ्याचा एक घोडा ठेवलाय. रेल्वे मॉडेलवाल्यांकडचा १:१५० चा घोडा आणि पाठीवर नऊ मिलिमीटरची पितळी नळी.

मोठा बदल पाटाचा, म्हणजे मॉडेल ज्यावर उभं आहे त्या तळफळीचा. मूळ पाट खंदकापाशीच संपत होता, तो आता नदीच्या बाजूनं जवळजवळ दुप्पट केलाय. कारण हा किल्ला चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलखात त्यांच्यावर लादलेला नव्हता. त्यांच्या ओव्हरहिल, म्हणजे डोंगरापलीकडच्या, गावांच्या प्रमुखांनीच तो मागितला होता. आपले लढवय्ये इंग्रजांच्या बाजूनं फ्रेंचांशी लढायला गेले तर मागे बायकामुलांना आसरा हवा, आणि व्यापाराचा मालही जवळ मिळावा, हा त्यांचा हिशेब. शिबंदीचा मका आजूबाजूच्या गावांतून यायचा आणि कित्येक शिपायांच्या बायका चेरोकी होत्या. दिवाळीच्या किल्ल्याखाली आपण शेतं, विहीर, बाजार मांडतोच. इथे तर त्या शेतांवरच किल्ला जगत होता.

हे नातं कसं तुटलं तेही मॉडेलमध्ये दिसायला हवं. १७५८ मध्ये मोहिमेवरून घरी परतणाऱ्या चेरोकी योद्ध्यांना व्हर्जिनियाच्या सरहद्दीवरच्या गोऱ्या वसाहतकऱ्यांनी मारलं. मग सूड आणि प्रतिसूड. १७५९ मध्ये साउथ कॅरोलायनाचा गव्हर्नर लिटलटन यानं बोलणी करायला आलेल्या चेरोकी प्रमुखांनाच ओलीस धरून फोर्ट प्रिन्स जॉर्ज या दुसऱ्या ब्रिटिश किल्ल्यात डांबलं. माझ्या मते सगळं बिघडलं ते इथे. फेब्रुवारी १७६० मध्ये चेरोकींचा युद्धप्रमुख ओकोनोस्टोटा यानं तिथल्या अधिकाऱ्याला बाहेर बोलावून गोळ्या घालवल्या आणि शिबंदीनं ओलिसांची कत्तल केली. त्यानंतर लाउडनला वेढा पडला. मदतीला निघालेली माँटगोमेरीची ब्रिटिश फौज एकोई या चेरोकी गावाजवळच्या लढाईनंतर मागे फिरली. तटावर बारा तोफा आणि आत मक्याचा दाणा नाही!

त्या दिवसांत चेरोकी बायका नवऱ्यांसाठी किल्ल्यात अन्न नेत राहिल्या. चेरोकी प्रमुखाकडून जिवे मारायची धमकी आली तर त्यांनी उलट सुनावलं, आमचे नातेवाईक तुमचा जीव घेतील. मुख्य दृश्य म्हणून मी हेच निवडलंय: दरवाज्याकडे टोपल्या घेऊन निघालेल्या चौघीजणी. रंगकाम चालू आहे.

ऑगस्ट १७६० मध्ये शिबंदी शरण आली. बाहेर पडल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे तिच्यावर हल्ला झाला, त्यात किल्ल्याचा प्रमुख कॅप्टन पॉल डेमरे आणि वीसहून अधिक जण मारले गेले. शिबंदीतल्या कॅप्टन जॉन स्टुअर्टला चेरोकी प्रमुख अटाकुलाकुला यानं सोडवून सुखरूप पोचवलं.

किल्ल्यालगतच्या टस्कीगी या चेरोकी गावासाठी टिंबरलेक या ब्रिटिश बाजूच्या अधिकाऱ्याचा १७६२ चा नकाशा समोर ठेवलाय. चौकोनी उन्हाळी घरं झाली. शेजारची गोल, मातीनं लिंपलेली हिवाळी घरं एअर-ड्राय क्लेची करतोय. टेलिको धरणामुळे १९७९ पासून ही गावं पाण्याखाली आहेत आणि आज दिसणारा किल्ला भराव घालून उंचावर पुन्हा बांधलेला आहे. त्यामुळे किनाऱ्याचा आजचा फोटो उपयोगाचा नाही, धरणाआधीची नदी दाखवायची आहे. वाहत्या पाण्यासाठी रेझिन थरांत ओतावं की एकदाच, आणि वर लाटांसाठी जेल कुठलं वापरता? केलेल्या कामाचे फोटो असतील तर नक्की टाका.