ताकिनोगावा गाकुएन: नाव बघून निघू नका

जपानमधली बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठीची पहिली निवासी संस्था म्हणजे ताकिनोगावा गाकुएन. ती टोकियोतल्या ताकिनोगावात नाही! हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाने मात्र नकाशावर खूण करून आम्हाला तिथेच धाडलं. इताबाशी स्टेशनमागच्या गल्ल्यांत, ऑगस्टच्या चिकचिकाटात वणवण केली. संस्था १९०६ मध्येच सुगामोला हलली आणि १९२८ मध्ये टोकियोच्या पार पश्चिमेला, आजच्या कुनिताची शहरातल्या याहोला गेली. जुन्या गावाचं नाव तेवढं चिकटून राहिलं. ताकिनोगावात जाऊच नका.

भेटीची वेळ ठरलेली, म्हणून टॅक्सी केली. दहा हजाराच्या दोन नोटा गेल्या. नव्या नोटेवर उद्योगपती शिबुसावा एइइची आहेत. १९२० च्या आगीत संस्थेतली सहा मुलं गेली, संस्थापक इशिइ र्‍योइची संस्था बंद करायला निघाले, तेव्हा जी माणसं पाठीशी उभी राहिली त्यांतले हे एक. पुढे ते संस्थेचे अध्यक्ष झाले. त्यांचीच नोट टॅक्सीवाल्याला देताना जीव चरफडला. ट्रेनने हेच काम हजार येनच्या आत होतं: शिंजुकूहून चुओ लाइनने ताचिकावा, तिथून नाम्बु लाइनची लोकल, दुसरं स्टेशन यागावा, पुढे दहाएक मिनिटं पायी. टॅक्सी म्हणजे शुद्ध मूर्खपणा.

१९२८ ची जुनी इमारत बघाच. १८९१ च्या नोबी भूकंपात अनाथ झालेल्या मुली विकल्या जात होत्या. त्यांना इशिइंनी आसरा दिला. त्यांतल्या एकीला बौद्धिक अपंगत्व होतं. तिला शिकवायचं कसं, हे कळेना म्हणून ते अमेरिकेत जाऊन शिकून आले. पत्नी फुदेको यांची स्वतःची मुलगीही अशीच होती. त्यांचा देवदूताचं चित्र असलेला पियानो इथे आहे. तो बघितल्यावर मी टॅक्सीचे पैसे विसरलो, निदान तासभर.

आधी फोन करून वेळ घेतल्याशिवाय जाऊ नका. इथे आजही लोक राहतात, हे काही पर्यटनस्थळ नव्हे. आवारात दिसेल त्याचे फोटो काढत सुटू नका. जपानी येत नसेल तर दुभाषा न्या, माहिती जवळपास सगळी जपानीतच आहे. उन्हाळ्यात सकाळचीच वेळ मागा.

शिगा प्रांतातलं ओमि गाकुएन (बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठीचीच संस्था, १९४६ मध्ये इतोगा काझुओ यांनी सुरू केलेली) दुसऱ्या दिवशी पाहिलं. तिथे काही त्रास झाला नाही. तेही १९७१ मध्ये ओत्सुहून इशिबेला हललंय, तेव्हा पत्ता तपासा.